मुंबईचं गावपण नेमकं कुठल्या साली संपलं?

मृणाल_ठाणे
नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे. शाळेतून प्रकल्प आलाय, "कोळ्यांच्या वस्तीपासून महानगरापर्यंत". लांबलचक कार्डशीट, मधून एक आडवी रेघ, रेघेवर साली आणि चित्रं. इथपर्यंत ठीक होतं. पण बाईंची अट अशी की रेघेवर एका जागी उभी लाल खूण करायची आणि खाली लिहायचं : "येथे गाव संपले व शहर सुरू झाले." कारणासकट.

काल रात्री जेवताना घरात यावर रण माजलं. नवरा म्हणे १८५३, रेल्वे आली की शहर. सासरे म्हणे १६६८, कंपनी आली तिथेच खेळ संपला. लेक म्हणे, "आई, पण वरळीला कोळीवाडा अजून आहे ना? मग संपलं कसं?" तिघांनाही गप्प करून मी भांडी घासायला उठले.

तुम्ही कुठे खूण कराल? शुक्रवारपर्यंत वेळ आहे.

अवलिया०७
ज्या दिवशी कोणीतरी कोणाला पहिल्यांदा विचारलं, "पार्किंग आहे का?" त्या दिवशी.

नकाशेवाला
चांगला प्रश्न. माझं मत १७८४. जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी हे लक्षात घ्या की "मुंबई" असं एक गाव नव्हतंच. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम अशी सात बेटं. त्यातही सात हा आकडा भरतीचा. ओहोटीला काही ठिकाणी माणसं चिखलातून चालत पलीकडे जायची. पायधुनी हे नाव त्यातूनच आलं असं सांगतात : खाडी तुडवून आलात, पाय धुवा, मग वस्तीत शिरा. आज पायधुनीला उभं राहून समुद्र कुठल्या बाजूला आहे असं विचारलंत तर लोक तुमच्याकडे संशयाने बघतील. उमरखाडीत खाडी नाही, चिंच बंदरात बंदर नाही. नावं मात्र जागच्या जागी.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने ही बेटं पोर्तुगीजांना दिली. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नाच्या करारात ती इंग्लंडच्या राजाकडे गेली. त्याला त्यांचं काय करावं कळेना, म्हणून १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली. सासऱ्यांचा मुद्दा इथला. पण भाडेकरू बदलला म्हणून घर बदलत नाही. तेव्हा साऱ्या बेटांवर मिळून माणसं दहा हजारांच्या घरात असावीत असं धरतात.

खरं बदललं ते पाणी अडवल्यावर. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधून भरतीचं पाणी आत घुसायचं आणि आत्ताच्या ताडदेव-कामाठीपुऱ्याच्या सखल भागात पसरायचं. गव्हर्नर हॉर्नबी याने तिथे बांध घालायचं ठरवलं. लंडनच्या साहेबांनी खर्चाला नकार दिला, त्याने तरी काम रेटलं. बांध पुरा झाला १७८४ च्या सुमारास, तोच हॉर्नबी वेलार्ड. (वेलार्ड हा पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश, अर्थ बांध किंवा कुंपण.) त्यानंतर १८०३ मध्ये शीव कॉजवे, १८३८ मध्ये कुलाबा कॉजवे, १८४५ मध्ये माहीमचा. एकदा ते पाणी थांबलं आणि बेटांचं बेट झालं, तिथे गाव संपलं.

गिरणगावचा
नकाशेवाला, मुद्देसूद लिहिलंत, पण बांध घातल्याने फार तर शेत होतं, शहर नव्हे. शहर होतं ते भोंग्याने.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी सुटली, चौदा डबे, ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी उभी राहिली. मग अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद पडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२. आठ लाख! दहा हजारांवरून. आता सांगा लाल खूण कुठे.

माझे पणजोबा राजापूरकडून गलबताने आले आणि माझगावच्या धक्क्यावर उतरले. घरी ते सांगत, "मुंबईला गेलो" असं कुणी म्हणायचंच नाही, "गिरणीत गेलो" म्हणायचे. वहिनी, तुमच्या यजमानांना माझं मत. १८५३-५४ च्या मध्ये खूण करा, दोघांचाही मान राहील.

मृणाल_ठाणे
यजमानांना हे वाचून दाखवलं. त्यांनी स्वतः उठून स्वतःचा चहा केला. धन्यवाद.

कोरडा_बोंबील
एका गोष्टीवर कोणी बोट ठेवत नाही म्हणून लिहितो. "कोळ्यांच्या वस्तीपासून" हे शीर्षकच अर्धवट आहे. कोळी आद्य रहिवासी, वादच नाही. पण इंग्रज येण्याआधी इथे फक्त होड्या आणि जाळी होती हे चित्र सोयीचं आहे, खरं नाही. इंग्रजांना ते फार आवडायचं, कारण मग "आम्ही ओसाड बेटावर नंदनवन उभारलं" असं म्हणता येतं.

बिंब राजाची राजधानी माहीमला होती असं परंपरा सांगते. घारापुरीची लेणी समोरच्या बेटावर, कान्हेरीची मागच्या डोंगरात. ती काय जवळा विकून कोरली? बेटांवर आगरी मीठ पिकवत आणि भात लावत, भंडारी माडाची वाडी राखत आणि ताडी काढत. कंपनीच्या सुरुवातीच्या काळात भंडाऱ्यांची पलटणही होती. गोव्याचा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा याने सोळाव्या शतकात मुंबईचं बेट खंडाने घेतलं होतं, फोर्टात टाउन हॉलच्या मागच्या बाजूला त्याचा वाडा होता. मासळीचं खेडं कोणी वैद्य खंडाने घेतो का? वाड्या होत्या, उत्पन्न होतं म्हणून घेतलं.

तेव्हा कार्डशीटच्या डावीकडे नुसती होडी काढू नका. एक माड काढा आणि एक मिठागर.

आशा_दादर
गाव आणि शहरातला फरक नळाचा. विहार तलावाचं पाणी आलं १८६० मध्ये. तोवर विहिरी आणि तळी. माझं मत १८६०. बाकी चालू द्या.

अवलिया०७
आशाताई, त्या हिशेबाने आमची सोसायटी अजून गावच आहे. टँकर येतो.

खवय्या_पुणे
धाग्यावर एवढ्या वेळा "कोळीवाडा" शब्द आला की भूक लागली. अवांतर विचारतो, "प्रॉन्स कोळीवाडा" ही खरंच कोळ्यांची डिश आहे का?

नकाशेवाला
अजिबात नाही, आणि तुम्ही अवांतर म्हणताय पण हे धाग्याच्या पोटातलंच आहे. तो कोळीवाडा म्हणजे शीव कोळीवाडा. फाळणीनंतर पंजाब आणि सरहद्दीकडून आलेल्या निर्वासितांना तिथे छावणीत जागा मिळाली. त्यांनी अमृतसरी पद्धतीने बेसन-ओवा-तिखट लावून कोळंबी तळायला घेतली आणि जागेचं नाव पदार्थाला चिकटलं, असं सांगतात. तिथल्या हार्बर लाइनच्या स्टेशनाचं नावही आधी कोळीवाडा होतं, आता गुरू तेग बहादूर नगर. म्हणजे कोळ्यांचं नाव स्टेशनवरून गेलं आणि पंजाब्यांच्या मेनूकार्डावर राहिलं.

खवय्या_पुणे
हे वाचून भूक गेली नाही, पण जरा चोरट्यासारखं वाटलं.

वलांडी
तीन दिवस नुसता वाचतोय. आता लिहितो. मी वरळी कोळीवाड्याचा. आजोबा तांडेल, वडिलांची डोलीची बोट होती, आता भाऊ चालवतो. मी बँकेत आहे, पण घर तेच.

मृणालताई, तुमच्या मुलीने जे विचारलं त्यापुढे बाकी सगळे प्रतिसाद फिके आहेत. गाव संपलं म्हणता, तर मी पत्ता काय लिहू?

एक गोष्ट सांगतो, ती कुठल्या पुस्तकात मिळायची नाही. डोलीचं जाळं हे पिशवीसारखं असतं, तोंड मोठं आणि शेपूट निमुळतं. ते घेऊन मासळीमागे धावत नाहीत. समुद्रात ठरलेल्या जागी बांधून ठेवायचं, भरती-ओहोटीची ओढ बोंबील, जवळा, करंदी आत आणून घालते. आता जागा ठरलेली म्हणजे रोज तीच सापडली पाहिजे. पाण्यावर पाटी लावलेली नसते. मग काय करायचं? किनाऱ्यावरच्या दोन वस्तू बघायच्या. पुढची आणि मागची एका रेषेत आली की एक खूण झाली. दुसऱ्या बाजूला अशाच दोन वस्तू. दोन्ही रेषा जुळल्या की खाली आपली जागा.

आजोबांच्या खुणा होत्या वरळीच्या किल्ल्याचं टोक, टेकडीवरचं एक झाड आणि एका गिरणीची चिमणी. झाड गेलं तेव्हा वडिलांनी दूरदर्शनचा मनोरा धरला. चिमणी होती तोवर चिमणीच. मग गिरणी बंद पडली, चिमणी पाडली आणि तिथे काचेची इमारत आली. वडील पंधरा दिवस शिव्या देत होते, गिरणी बंद पडली म्हणून नाही, खूण गेली म्हणून. आता भाऊ जीपीएस वापरतो, तरी सवयीने एकदा सी-लिंकच्या खांबाकडे बघतो.

सांगायचं एवढंच की तुम्ही लोक किनाऱ्यावरून गावाकडे बघता आणि विचारता हे शहर कधी झालं. आम्ही पाण्यावरून बघतो. तिकडून बघितलं तर शहर म्हणजे दर पिढीला बदलणाऱ्या खुणा. जाळं त्याच जागी.

नकाशेवाला
वलांडी, मी तीस वर्षं जुने नकाशे गोळा करतोय आणि एकाही नकाशावर मला हे दिसलं नाही. "तिथे गाव संपलं" हे वाक्य मागे घेतो. १७८४ मात्र मागे घेत नाही.

आशा_दादर
तुमचं टोपणनाव म्हणजे काय ते इतरांनाही सांगा.

वलांडी
बोंबील वाळत घालायची बांबूची चौकट. दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून दोरीवर टाकतात. वर्सोवा, मढला अजून रांगाच्या रांगा दिसतील. आमच्याकडे जागा राहिली नाही. आई जवळा गच्चीवर घालते आणि मागच्या टॉवरमधून तक्रार येते, वास येतो म्हणून. टॉवर २०११ चा, वास त्याच्या कितीतरी आधीचा.

मी_इंजिनीयर
भावना समजतात, पण एक विरुद्ध मत मांडू का? हलके घ्या. आपण शहरात बसून कोळीवाड्याचं फार कौतुक करतो. तिथल्या गल्ल्यांत रुग्णवाहिका जात नाही. मार्च २०२० मध्ये वरळी कोळीवाडा मुंबईत सगळ्यात आधी सील झालेल्या वस्त्यांपैकी होता, कारण घरं एकमेकांच्या मांडीवर. पुनर्विकास नको, रस्ता नको, पूल नको, मग हवं काय? ज्या शहरात २०११ च्या जनगणनेला १,२४,४२,३७३ माणसं होती त्या शहराने काही हजार बोटींसाठी थांबायचं का? वलांडी स्वतः बँकेत आहेत. मुलांना जाळं ओढायचं नाहीये, हे कोळी समाजातले लोकच सांगतात.

गिरणगावचा
"शहराने थांबायचं का" हे आम्हालाही विचारलं होतं, १९८२ च्या संपानंतर. शहर थांबलं नाही. आमच्या जागेवर मॉल आहे, मी तिथे पॉपकॉर्न खातो, साडेतीनशे रुपये. पुढे बोला.

वलांडी
मी_इंजिनीयर, राग नाही. अर्धं तुमचं बरोबर आहे. माझ्या मुलाने बोटीवर जावं असं मलाही वाटत नाही. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, त्यात १ जून ते ३१ जुलै बंदी. बंदी बरोबरच आहे, मासळीची पैदास व्हायला हवी, पण ६१ दिवस घर चालवायचं असतं. आणि भाऊ म्हणतो जाळ्यात कधीकधी बोंबलापेक्षा प्लास्टिक जास्त.

पण "पूल नको" हे कोणी म्हटलं? कोस्टल रोडचंच घ्या. क्लीव्हलँड बंदरातून आमच्या बोटी बाहेर पडतात, त्याच वाटेवर पूल. दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठरवलं होतं. कागदावर बोट सहज जाते. कागदावर वारा नसतो. पावसाळ्याच्या तोंडावर लाट आडवी आली आणि समोरून दुसरी बोट आली की ६० मीटर म्हणजे काय हे तिथे उभं राहून कळतं. आम्ही २०० मागितले. आंदोलन झालं, बोटी आडव्या घातल्या, काम थांबलं. शेवटी १२० वर मिटलं. पूल झाला, २०२४ मध्ये रस्ता सुरू झाला, मीही त्यावरून गाडी नेतो. आमचं म्हणणं इतकंच होतं की आधी विचारा.

दुसरं, पुनर्विकासाचं. कोळीवाड्याचं सीमांकन करायला माणसं येतात ती घरं मोजतात. बोटी ओढून ठेवायची जागा, जाळी दुरुस्त करायचं अंगण, मासळी वाळवायचं मैदान हे त्यांना "मोकळी जागा" दिसतं. मोकळी नाही हो, ती आमची कचेरी आहे. आम्हाला झोपडपट्टीच्या खात्यात टाकू नका एवढं सांगायला किती वर्षं गेली.

मी_इंजिनीयर
१२० मीटरचा मुद्दा मान्य. मी पुलांचंच काम करतो, आणि कागदावर वारा नसतो हे आमच्या खात्यात कोणी तरी भिंतीवर लिहायला हवं. बाकी मतभेद कायम.

मार्था_वसई
इतका वेळ सगळे नारळी पौर्णिमेचे कोळी बोलतायत, ख्रिस्ती कोळ्यांचं कोणीच नाव घेत नाही. माझं माहेर खारदांड्याजवळ. पोर्तुगीजांच्या काळात धर्म बदलला, धंदा आणि बोली तीच राहिली. घरी आम्ही मराठीच बोलतो, तुम्हाला ती ऐकून हसू येतं ती गोष्ट वेगळी.

आम्हाला "ईस्ट इंडियन" म्हणतात ते का माहीत आहे? रेल्वे आणि कचेऱ्या आल्या तसे गोवा-मंगळूरकडचे ख्रिस्ती नोकरीला यायला लागले. त्यांच्यात आणि इथल्या मूळच्यांत फरक कळावा म्हणून १८८७ मध्ये, राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आपल्या लोकांनी हे नाव घेतलं. मुंबई पश्चिम किनाऱ्यावर, आणि आम्ही ईस्ट इंडियन! मूळ गावकऱ्यांना आपण इथलेच आहोत हे सांगायला नवं नाव घ्यावं लागलं. मृणाल, माझी लाल खूण १८८७ ला.

कोरडा_बोंबील
मार्थाताई, आत्तापर्यंतच्या सगळ्या सालांत हे सगळ्यात जबरी साल आहे. गाडी आली, गिरणी आली हे बाहेरचं. गावकऱ्यालाच "मी इथला" म्हणायला लागणं हे आतलं.

दुबईकर
वीस वर्षं इथे आहे, म्हणून एक समांतर उदाहरण. इथेही "मासेमारीच्या गावातून महानगर" हे वाक्य विमानातून उतरल्यापासून ऐकवतात. खाडीकाठची वस्ती, पण खरा पैसा मासळीचा नव्हता, मोत्यांचा होता. आणि ते मोती कुठे विकले जायचे? आपल्या मुंबईत. १९३० च्या आसपास जपानी कृत्रिम मोती आले आणि धंदा बसला. तेल सापडलं १९६६ मध्ये. त्याच सालापर्यंत इथे भारतीय रुपयाच चालायचा, शेवटी शेवटी आखातासाठी वेगळा छापलेला. म्हणजे एक काळ असा होता की दुबई हे मुंबईचं उपनगर होतं, चलनासकट.

इथल्या संग्रहालयात जुनी बोट काचेत ठेवली आहे. वलांडींच्या भावाची बोट पाण्यात आहे. फरक एवढाच, पण मला तो मोठा वाटतो.

खवय्या_पुणे
आणखी एक अवांतर. बोंबलाला "बॉम्बे डक" म्हणतात ते रेल्वेच्या "बॉम्बे डाक" गाडीतून वाळके बोंबील जायचे म्हणून, बरोबर ना? हे मी पाहुण्यांना दरवेळी सांगतो.

नकाशेवाला
आता सांगू नका. हे नाव रेल्वे येण्याच्या आधीच्या इंग्रजी लिखाणात सापडतं. गाडी १८५३ ची, त्याआधी डाकेच्या डब्याला वास कसा येईल?

खवय्या_पुणे
या धाग्याने माझ्याकडचे दोन्ही किस्से काढून घेतले. पाहुण्यांशी आता हवामानावर बोलतो.

अवलिया०७
पापलेट तरी सोडा. २०२३ पासून तो महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, त्याच्याबद्दल जपून बोला.

नकाशेवाला
विषयावर येतो, कारण दोन गोष्टी राहिल्यात आणि दोन्ही मुलीच्या कार्डशीटला उपयोगी पडतील.

पहिली ससून डॉकची. १८७५ मध्ये ते बांधलं ते कापसाच्या व्यापारासाठी. पश्चिम भारतातली पहिली अशी गोदी. म्हणजे शहराच्या बाजूची, व्यापाराच्या कमाईची वस्तू. आणि आज तिथे पहाटे जाऊन बघा, टोपल्या, बर्फ, लिलाव, कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या रांगा. कापूस गेला, मासळी आली. आपण सगळे बाण डावीकडून उजवीकडे काढतोय, गावाकडून शहराकडे. हा एक बाण उलटा आहे.

दुसरी नरिमन पॉइंटची. बॅक बेमध्ये भर घालायचा पहिला मोठा डाव १८६० च्या दशकातला. कापसाच्या पैशावर कंपन्या निघाल्या, शेअरचे भाव गगनाला भिडले, १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. दुसरा डाव १९२० च्या दशकात. त्यातल्या उधळपट्टीवर आणि भानगडींवर ज्यांनी झोड उठवली ते वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन. भर घालण्याच्या त्या कामावर तुटून पडलेल्या माणसाचं नाव पुढे भर घातलेल्याच जमिनीला दिलं. मुंबईचा विनोद तो हाच.

वलांडी
तिकडे कफ परेडला आमचे लोक आहेत. भर पडली तसतसा त्यांचा किनारा पुढे सरकत गेला. एक म्हातारी ओळखीची आहे. ती म्हणते, लग्न होऊन आले तेव्हा दारातून पाणी दिसायचं, आता दारातून पाणी आणायला नळावर जाते.

आशा_दादर
म्हणजे पुन्हा नळच. मी म्हटलं होतं.

गिरणगावचा
आशाताईंना १८६० देऊन टाका आणि धागा संपवा.

कोरडा_बोंबील
मुंबादेवीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून शेवटचं. जिच्यावरून शहराचं नाव पडलं त्या कोळ्यांच्या देवीचं मूळ देऊळ आत्ताच्या सीएसएमटीच्या परिसरात होतं. किल्ल्याच्या कामात ते हललं आणि देवी भुलेश्वरजवळ, सराफ्यात आली. म्हणजे या शहरात जागा गेल्यामुळे पहिलं स्थलांतर खुद्द गावदेवीचं झालं. लाल खूण तिथेही चालेल. साल मात्र मी सांगणार नाही, त्यावर दुसरा धागा होईल.

मार्था_वसई
मृणाल, शुक्रवार उलटून गेला. काय केलं ते तर सांग!

मृणाल_ठाणे
सांगते, सांगते. आधी सगळ्यांचे आभार, सासऱ्यांनी हा धागा दोनदा मोठ्याने वाचायला लावला.

लेकीने असं केलं. रेघ काळ्या स्केचपेनने. डावीकडे होडी, माड आणि मिठागर (कोरडा_बोंबील यांच्या सांगण्यावरून). मग बांध, गाडी, चिमणी, नळ. आशाताई, नळ मोठा काढलाय. ससून डॉकजवळ उलटा बाण आहे आणि १८८७ च्या खाली मार्थाताईंचं वाक्य. काळ्या रेघेखाली तिने एक निळी रेघ ओढली, डावीकडून थेट उजव्या कडेपर्यंत, आणि तिच्यावर छोटी छोटी जाळी. लाल खूण बाईंना हवीच होती, म्हणून १७८४ ला केली, पण फक्त काळ्या रेघेवर. निळीवर येऊ दिली नाही.

बाईंनी दहापैकी आठ दिले. दोन गुण कापले, शेरा असा : "लाल खूण अपूर्ण."

फोटो खाली जोडलाय.

अवलिया०७
बाईंना या धाग्याचा दुवा पाठवा. दहापैकी अकरा मिळतील, नाहीतर शून्य.

नकाशेवाला
१७८४! नाव राखलंत. मुलीला माझ्याकडून जुन्या नकाशाची एक प्रत भेट, पत्ता निरोपातून कळवा.

वलांडी
फोटो बघितला, आईलाही दाखवला. एक चूक आहे, राग मानू नका. होडीचं शीड उजवीकडे फुगलंय आणि निशाण डावीकडे फडकतंय. एकाच होडीला दोन वारे कसे? आई म्हणते पोरीला एकदा घेऊन या, बसवून दाखवते. बंदी संपली की या, ताजे बोंबील मिळतील. गाडी मात्र बाहेर लावा, आत वळत नाही.

मृणाल_ठाणे
निशाण खोडतेय. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी येतो, चौघंही. सासऱ्यांना काटे काढून द्यावे लागतात, आधीच सांगून ठेवते.

अवलिया०७
शेवटी आलाच ना प्रश्न पार्किंगवर? मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.